घोटभर पाण्याचा नेम

रामकिशनसमोर कुणी 'तत्त्व' हा शब्द काढला की त्याला थुंकावंसं वाटतं. वाढवून सांगत नाही, खरोखर थुंकतो. मागे शाळेच्या झेंडावंदनाला एका पाहुण्यानं भाषणात तीनदा तत्त्व म्हटलं, तर हा माणूस रांगेतून निघाला, कुंपणाशी जाऊन थुंकला आणि तसाच घरी गेला. आणि बावीस वर्षं खडकधामणीत तत्त्वाचा माणूस म्हणून बोट दाखवायची वेळ आली, की ते बोट याच्याकडेच वळायचं.

खडकधामणी म्हणजे जिंतूर तालुक्यातलं तीनेकशे उंबऱ्यांचं गाव. कापूस, सोयाबीन, बांधाला तूर. रामकिशनचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. बाप लवकर गेला, आई भिवराबाईनं चाळीस मेंढरांवर संसार ओढला. एका उन्हाळ्यात शेजाऱ्याची अकरा मेंढरं एका डबक्यावर पाणी प्यायली आणि तासाभरात पाय झाडून मेली. कुणीतरी त्या डबक्यात खताची रिकामी पोती धुतली होती. त्या दिवसापासून भिवराबाईनं एक नेम धरला. परक्या पाण्यावर कळप नेला की आधी स्वतः ओंजळभर तोंडात घ्यायची, जिभेवर घोळवायची, मगच मेंढरांना सोडायची. "मुक्या जित्राबाला सांगता येत न्हाई," ती म्हणायची. "आपल्याला येतंय. मग आपण आधी घ्यावं."

पुढे रामकिशनला ग्रामपंचायतीत पाणी सोडायचं काम लागलं. विहिरीवरची मोटर चालू करायची, टाकी भरायची, सकाळी व्हॉल्व फिरवून आळीआळीनं पाणी सोडायचं. पहिल्याच दिवशी त्यानं टाकीखालच्या तोटीतून ओंजळ भरली आणि प्यायला. दुसऱ्या दिवशीही. मग ते रोजचंच झालं. लोक आधी हसले. नंतर त्यांना त्याचा आधार वाटायला लागला. त्याच्या शेजारची सुलाबाई तर म्हणायची, "रामकिशननं पिलं म्हंजे आमी पिलं."

याला तत्त्व म्हणतात हे त्याला सरपंचांकडून कळलं. दत्तराव सलग दुसऱ्यांदा सरपंच झालेले. माईक हातात आला की त्यांना तत्त्वाशिवाय बोलता येत नसे. टाकीला निळा रंग दिला तेव्हा त्यावर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, 'तत्त्व हाच आमचा पाया'. एका सभेत त्यांनी रामकिशनला उभं केलं आणि म्हणाले, "शिकलेला नाही, पण बघा, तत्त्वाचा माणूस!" टाळ्या पडल्या. रामकिशन टोपी सारखी करत खाली बसला. त्याला वाटलं, आपण तर नुसतं पाणी पितो.

त्याच टाकीचं वरचं झाकण दोन वर्षांपूर्वीच्या वादळात फुटलं होतं. रामकिशननं चारदा तोंडी सांगितलं, दोनदा अर्ज दिला. ग्रामसेवक हरिओम भला माणूस होता. अर्ज घ्यायचा, "करू, रामकिशनभाऊ, करू" म्हणायचा आणि फायलीत लावायचा. टाकीवर रंग चढला, अक्षरं चढली, झाकण काही चढलं नाही.

गोष्ट गेल्या मे महिन्यातली. गाव स्वच्छतेच्या स्पर्धेत उतरलं होतं. गुरुवारी परभणीहून तपासणी समिती यायची होती. भिंती रंगल्या, गटारीच्या कडेला चुना पडला. आणि त्याच्या आधीच्या शनिवारी दत्तरावांच्या पुतणीची हळद होती, पाचशे पान उठायचं होतं.

त्या शनिवारी सकाळी रामकिशननं ओंजळ भरली. पाणी जिभेला उग्र लागलं. मागून एक वास आला, ओल्या पोत्यासारखा. तो थबकला. पुन्हा एक घोट घेतला. वास होताच. पण तेवढ्यात दत्तरावांच्या घरून दुसऱ्यांदा फोन आला, "सोडलं का? आचारी खोळंबलेत." रामकिशननं मनाशी म्हटलं, विहीर तळाला गेली आहे, गाळाचा वास असेल. आणि व्हॉल्व फिरवला.

रविवारी त्याच्या जिभेवर काहीतरी आलं. बोटानं ओढून काढलं. बोटभर लांबीचा राखी केस.

तो तिथंच गुडघ्यावर बसून ओकला. पोट रिकामं झाल्यावर उठला, व्हॉल्व आवळून बंद केला आणि चाळीस फुटांची लोखंडी शिडी चढला. वर पोचण्याआधीच वास नाकात शिरला. फुटक्या झाकणातून त्यानं डोकं आत घातलं. पाण्यावर एक वानर तरंगत होतं. फुगून दुप्पट झालेलं, पोटावरची कातडी सुटलेली, केसांचे पुंजके सुटून चहूकडं पसरलेले. वर माश्यांचा थर. रानात पाण्याचा थेंब नव्हता, बिचारं प्यायला उतरलं असणार आणि त्याला बाहेर येता आलं नसणार. आतल्या भिंतीच्या शेवाळावर हातभर उंचीपर्यंत नखांचे ओरखडे होते. सगळीकडून होते, चारी बाजूंनी.

रामकिशनला पहिली किळस त्या वानराची आली. दुसरी आली ती स्वतःची, आणि ती पहिलीपेक्षा जड होती. काल जिभेनं सांगितलं होतं. हात रोजच्यासारखा ओंजळ भरत होता, घसा गिळत होता, पण मन हळदीच्या मांडवात गेलं होतं. बावीस वर्षांचा नेम पाळूनही त्यानं पाचशे माणसांना मढ्याचं पाणी पाजलं होतं. नुसतं चाखण्याला काय अर्थ होता? जिभेचं ऐकायचं नसेल तर मेंढराला आणि आपल्याला वेगळं कशाला म्हणायचं?

तो तसाच दत्तरावांच्या वाटेनं निघाला. मांडव अजून उतरला नव्हता. दत्तराव खुर्चीत बसले होते, शेजारी हरिओम समितीचे कागद लावत होता. रामकिशननं सांगितलं. दत्तरावांनी आधी इकडंतिकडं पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही.

"आवाज खाली कर. अजून कुणाला बोललास?"

"न्हाई, मालक. टाकी रिकामी करावी लागंल. घासून धुवावी लागंल. अन् गावाला सांगावं लागंल, घरातलं भरलेलं वता म्हणून. लेकरंबाळं पिवायलीत."

"येडा का खुळा तू? गुरुवारी समिती हाय. मे महिन्यात चाळीस हजार लिटर पाणी नाल्यात सोडणार? भरायला चार दिस लागतील. ते वानर काढ, पुरून टाक, पावडर मार. विषय संपला."

हरिओम कागदावरून मान वर न करता म्हणाला, "शास्त्रीयदृष्ट्या बघितलं तर, रामकिशनभाऊ, पावडरचं प्रमाण वाढवलं की जंतू राहत नाहीत."

"अन् दोन दिस लोकांनी पिलंच की," दत्तराव म्हणाले. "मेलं का कुणी? उगं बोंब झाली तर गावाची इज्जत जाईल. बाहेरची माणसं काय म्हणतील? गावाची इज्जत राखणं, हे बी एक तत्त्वच हाय, रामकिशन. तू तर तत्त्वाचा माणूस."

रामकिशनला वाद येत नव्हता.  क्षणभर त्याला वाटलं, यांचंच खरं असेल, हे शिकलेले आहेत. तेवढ्यात घरातून कुणीतरी पाण्याचा गिलास आणून त्याच्यापुढं धरला. गार, काचेसारखं पाणी. त्यानं मांडवाच्या कोपऱ्यात पाहिलं. जिंतूरहून आणलेले जारच्या पाण्याचे डबे ओळीनं उभे होते. पाहुण्यांच्या पंगतीला टाकीचं, घरच्या माणसांना जारचं. हरिओमच्या खुर्चीखालीही जारच्याच पाण्याची बाटली होती.

मग त्याच्या डोक्यातला गुंता सुटला. एवढ्या सगळ्या बोलण्याला एकच प्रश्न पुरत होता.

"मालक," तो म्हणाला, "पावडर मारतो मी. मग त्यातला एक घोट तुमी घ्या, एक हरिओम साहेब घेतील, एक मी घेतो. तिघांनी घेतला की गावाला सोडतो."

दत्तरावांचं तोंड कडवट झालं. "तोंड सांभाळ. लय चढवून ठेवलाय तुला." आणि तो वळला तेव्हा मागून म्हणाले, "वानर काढायला त्या सिद्धोधनला बोलव. त्यांना सवय असती."

सिद्धोधन हा मोटर रिवाइंडिंगचं काम करणारा कारागीर. पंचक्रोशीतल्या विहिरींच्या मोटारी त्याच्याकडं यायच्या. मेलेल्या जनावराला त्याच्या बापानंही कधी हात लावला नव्हता. पण गावाच्या डोक्यात कुठली सवय कुणाच्या नावावर आहे, हे पिढ्या बदलल्या तरी बदलत नाही. रामकिशनला ते ऐकून जशी शिसारी आली, तशी टाकीत डोकं घातल्यावरही आली नव्हती. त्यानं कुणाला बोलावलं नाही. दोर, पोतं आणि घमेलं घेऊन एकटाच शिडीशी गेला.

थोड्या वेळानं सिद्धोधन आपणहून आला. कानावर गेलंच होतं.

"उतरणार कोण?" त्यानं विचारलं.

"मी. टाकी माझ्या हवाली हाय."

"तर मग दोर मी धरतो. त्यांनी बोलावणं धाडलं असतं तर आलो नसतो, सांगून ठेवतो."

नाकाला फडकं बांधून रामकिशन आत उतरला. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून त्यानं ते वानर पोत्यात भरलं. एक हात पोत्याबाहेर राहिला, तो आत घालताना कातडी त्याच्या मुठीत आली. पुढं कित्येक दिवस त्याला भाकरी कुस्करताना ती मूठ आठवायची. दोघांनी पोतं खाली सोडलं, नाल्यापलीकडच्या पडीक रानात खड्डा घेतला, मीठ टाकलं. रामकिशननं हात जोडले. मग त्यानं टाकीच्या तळाचा व्हॉल्व उघडला. मे महिन्याचं चाळीस हजार लिटर पाणी केसांसकट नाल्यात वाहून गेलं. घासून धुणं दुसऱ्या दिवसावर ठेवलं.

आणि तो दारोदार फिरला. प्रत्येक उंबऱ्यावर तेच सांगितलं, "टाकीत मेलेलं वानर निघालं. रांजण वता, भांडी ऊन पाण्यानं धुवा. पोटात दुखत आसंल तर दवाखान्यात जा."

लोक ओकले, शिव्या दिल्या. त्या टाकीला नाही, झाकणाला नाही, रामकिशनला. सुलाबाईची नात शनिवार संध्याकाळपासून जुलाबानं बेजार होती, तिला जिंतूरला सलाईन लावलं होतं. सुलाबाईनं भर चौकात त्याची गचांडी धरली.

"तू रोज पितोस न्हवं रं? मग शनिवारी पिला व्हतास का न्हाई?"

तेव्हा नाही म्हणता आलं असतं. वास आला नव्हता असंही म्हणता आलं असतं, कुणी तपासणार नव्हतं.

"पिलो, मावशी. वास आला व्हता. तरी सोडलं."

 सुलाबाईचा हात सुटला. ती त्याच्याकडं बघत राहिली आणि मग पदरानं तोंड पुसत निघून गेली. घरी बायको बायनाबाईनं कपाळ बडवलं. "कामून सांगितलं तुमी? दुसरं कुणी कबूल व्हायलंय का गावात? ज्यानं झाकण बसवलं न्हाई त्यो जारचं पाणी पिवून बसलाय, अन् तुमी चौकात नाक घासायलाव."

"खोटं बोललो आसतो तर त्याच्या पंगतीत बसलो आसतो," रामकिशन म्हणाला. एवढंच.

इथवर जे झालं ते वाईट होतं, पण त्यात काही समजण्यासारखं तरी होतं. पुढं जे झालं त्याचा रामकिशनला कायमचा वीट आला.

वानर म्हणजे मारुतीचं रूप, हे सोमवारी सकाळी कुणाच्या तरी लक्षात आलं. देवाचं लेकरू पोत्यात घालून रानात पुरलं, आता कोप होणार. सुलाबाईसारख्या बायकांना खरोखर भीती वाटली, तिची नात दवाखान्यात होती. दत्तरावांना मात्र त्यात वाट दिसली. दुपारपर्यंत ते डोक्याला पांढरा रुमाल बांधून तयार झाले. ज्याला काल गुपचूप पुरायला सांगितलं होतं, तेच खड्ड्यातून उकरून काढलं. उकरायला बाहेरगावचे दोन मजूर लावले. ट्रॅक्टरला झेंडूची फुलं बांधली, अत्तराच्या चार बाटल्या रिकाम्या केल्या, उदबत्त्यांचे पुडे जाळले. तरी तो वास हटेना. वास, झेंडू, अत्तर, धूर, टाळ, सगळं एकमेकांत कालवून गल्लीगल्लीतून गेलं आणि दोन दिवस जी माणसं ते पाणी प्याली, तीच नाकाला पदर लावून त्यावर फुलं टाकत राहिली. मारुतीच्या देवळामागं समाधी झाली. दत्तराव तिथं बोलले, "प्राणिमात्रावर दया, हे आपल्या गावाचं तत्त्व आहे."

रामकिशन दारातूनच माघारी फिरला. त्याला ज्या मुक्या जीवाची नखं आठवत होती, त्याचा त्या मिरवणुकीशी काही संबंध उरला नव्हता.

बुधवारी हरिओम घरी आला. बगलेत टाकी धुण्याची नोंदवही होती. दर पंधरा दिवसाला टाकी धुतल्याच्या वर्षभराच्या नोंदी एकाच शाईनं भरलेल्या. फक्त सह्यांची जागा कोरी.

"नुसतं नाव लिहा, भाऊ. समितीला कागद लागतो. कुणाचं काही बिघडत नाही."

"वर्सातनं तीनदा धुतली, साहेब. तीन जागी करतो."

"तीनवर गुण मिळत नाहीत."

"मग न्हाई."

 हरिओमनं बायनाबाईनं दिलेला चहा घेतला, पाण्याला हात लावला नाही.

गुरुवारी समिती आली. समाधीवर ताजी फुलं होती. मुख्य साहेबांनी बूट काढून हात जोडले. दत्तराव म्हणाले, "तारेचा शॉक लागून गेलं बिचारं. सबंध गाव रडलं." आणि सबंध गाव तिथं उभं होतं. कुणी हललं नाही. दोनतीन माणसांनी तर माना डोलावल्या. टाकीखाली साहेबांनी रामकिशनला सहज विचारलं, "शेवटची कधी धुतली?"

"सोमवारी. त्याच्या आदल्या दिशी टाकीत मेलेलं वानर निघालं. झाकण दोन वर्सापासून न्हाई."

साहेबांनी हरिओमकडं पाहिलं. हरिओमनं नोंदवही पुढं केली. साहेबांनी पानं उलटली, फॉर्मवरच्या चौकटीत बरोबरची खूण केली आणि घड्याळ बघितलं. वही मिटताना रामकिशनला ओझरतं दिसलं. चोवीस ठिकाणी त्याचं नाव होतं. अक्षर दुसऱ्याचं.

तेराव्याला वानराची तेरवी झाली. बुंदी, वरण, भात, वांग्याची भाजी. चुलीला त्या दिवशी टँकरचं पाणी होतं. बायनाबाई म्हणाली, "सगळं गाव जायलंय. आपण न्हाई गेलो तर वाळीत पडू."

"तू जा. मी तुला आडवत न्हाई. माझी जीभ माझ्यापाशी, तुझी तुझ्यापाशी."

ती गेली. अर्ध्या तासानं परत आली आणि कुणाशी काही न बोलता भाकरी थापायला बसली. तिथं जेवली का नाही, हे त्यानं विचारलं नाही.

दीड महिन्यानं निकाल लागला. खडकधामणीला विभागून तिसरा क्रमांक मिळाला. सत्काराच्या यादीत रामकिशनचं नाव होतं, 'तत्त्वनिष्ठ कर्मचारी' म्हणून. शाल, श्रीफळ. निमंत्रण घेऊन दत्तराव स्वतः आले, हसत आले, जणू मधे काही घडलंच नव्हतं. माणूस रागानं आला असता तर रामकिशननं सोसलं असतं. ते हसणं मात्र त्याला तोंडावर काहीतरी चिकट फासल्यासारखं वाटलं.

"ती शाल त्या समाधीवर घाला, मालक," तो म्हणाला. "खोट्या सह्या ज्यानं केल्या त्याला नारळ द्या. माझं नाव काढा."

पुढच्या आठवड्यात पत्र आलं, काम समाधानकारक नाही. टाकीच्या किल्ल्या दत्तरावांच्या साडूच्या मुलाकडं गेल्या. झाकणही बसलं, पुरस्काराच्या पाटीबरोबरच. रामकिशननं पुन्हा मेंढरं घेतली, पंधरा. सिद्धोधन कधी संध्याकाळी येऊन बसतो. गावातली बाकीची माणसं रस्त्यात दिसली की मोबाईलमध्ये बघतात. सुलाबाई एकदा आली होती, नात बरी झाल्याचं सांगायला. उंबऱ्यावर उभी राहून रडली. तो आत ये म्हणाला, पण ती आली नाही.

दिवाळीनंतर रामकिशन मेंढरांसाठी ढेप आणायला जिंतूरला गेला होता. बसस्थानकावर हरिओम भेटला. त्याची बदली झाली होती. हातात पिशव्या, चेहरा ओशाळलेला. इकडचंतिकडचं बोलून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "रामकिशनभाऊ, तुमचं तत्त्व मला तेव्हाही पटलं होतं. अगदी मनातून पटलं होतं. पण माझा नाइलाज होता, समजून घ्या."

रामकिशननं त्याच्याकडं नीट पाहिलं.

"दत्तरावचं मला तितकं काही वाटत न्हाई, साहेब. त्याला ते कधी पटलंच न्हवतं. तुमाला पटलं व्हतं, अन् तरी तुमी वही पुढं केली. मला खरी घाण त्याची वाटती."

 हरिओमची गाडी लागली होती. तो पिशव्या उचलून चढला, खिडकीपाशी बसला आणि गाडी सुटेपर्यंत पलीकडच्या बाजूला बघत राहिला. रामकिशननं ढेपीचं पोतं खांद्यावर घेतलं आणि खडकधामणीच्या गाडीची चौकशी करायला बसस्थानकाच्या खिडकीकडं गेला.